न पाहिलेल्या कामाची निवड

शाळेची सहल ठरते तेव्हा शिक्षकांच्या खोलीत चर्चा होते ती 'कुठे जायचं' याची. दिवाळीची सुट्टी संपली की एसटीचं सवलतीतलं आरक्षण, पालकांची संमतिपत्रं, मुलींबरोबर शिक्षिका किती, नाश्ता कुठे, या सगळ्यातून वाट काढत रायगड, महाबळेश्वर, नाहीतर एखादा वॉटर पार्क नक्की होतो. 'कुणाला भेटायचं' हा प्रश्न त्या चर्चेत येत नाही. गडकिल्ले मुलांनी पाहायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण पुण्यातल्या नववीच्या मुलाने रायगड पाहिलेला असतो आणि ज्या शहरात तो जन्मापासून राहतोय ते मात्र शाळेच्या व्हॅनमधून दिसतं तेवढंच. मार्केट यार्डात पहाटे काय चालतं, घरच्या नळाला पाणी कसं येतं, कोर्टात खटला कसा उभा राहतो, यातलं काही त्याने पाहिलेलं नसतं. वर्षभरात याच मुलाला घरीदारी सगळे विचारणार असतात, 'मग, पुढे काय करायचं ठरवलंस?'

त्याच्याजवळ उत्तर असतं ते ऐकीव. डॉक्टर, इंजिनिअर, सीए, 'यूपीएससी', हल्ली यूट्यूबर. दहावीनंतर विज्ञान, वाणिज्य, कला, डिप्लोमा की आयटीआय ही वाटणी होते टक्क्यांवर, आणि तिला आवडीचं नाव दिलं जातं. राज्य मंडळाने मध्यंतरी काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. हेतू चांगला होता. पण ज्याने पाना कधी हातात धरलेला नाही, त्याला यंत्रकामाची आवड आहे की नाही हे प्रश्नावलीतून कितपत कळणार? आवड ही ओळख झाल्यानंतरची गोष्ट आहे. ओळखच नसेल तर चाचणीत उमटतं ते घरात आणि मोबाइलवर जे दिसतं त्याचं प्रतिबिंब.

जुन्या गावात मुलांना ही अडचण नव्हती. सुताराचा रंधा, लोहाराचा भाता, कुंभाराचं चाक, चांभाराची आरी, सगळं उघड्यावर चालायचं. शेतातून घरी येईपर्यंत पोराला चार धंदे दिसायचे. मात्र कुंभाराच्या पोराने कुंभारच व्हायचं आणि काही माणसांच्या वाट्याला इतर कुणी करणार नाही तेच काम यायचं, हे जन्माआधीच ठरलेलं होतं. काम दिसत होतं, निवडता येत नव्हतं. आज कायद्याने निवडता येतं, पण दिसत नाही. कारखाने एमआयडीसीत कुंपणाआड गेले. कार्ड लावल्याशिवाय कार्यालयाचं दार उघडत नाही. संगणकावरचं काम तर शेजारी बसूनही दिसत नाही: लॅपटॉपसमोरचे आईबाबा मुलांना दिवसभर दिसतात, पण ते नेमकं काय करतात हे मुलांना चार वाक्यांत सांगता येत नाही.

याचा परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. डॉक्टरच्या मुलीला दवाखाना आतून ठाऊक असतो. वकिलाच्या मुलाला अशिलाशी कसं बोलायचं हे जेवणाच्या टेबलावरच कळतं. रिक्षाचालकाच्या मुलीला रिक्षा ठाऊक असते. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली, ते योग्यच झालं. पण धोका नसलेल्या घरच्या धंद्यात शाळेव्यतिरिक्तच्या वेळात मदत करायची मुभा तिने राहू दिली. म्हणजे ज्यांच्या घरात छोटा धंदा आहे त्यांच्या हाताला पुन्हा घरचंच काम. न पाहता निवडणं म्हणजे बहुतेक वेळा घरचंच निवडणं, आणि जन्माने ठरलेली ती जुनी वाटणी अशी मागच्या दाराने परत येते. म्हणून शहरभेटीकडे आणि कामाच्या अनुभवाकडे मी हौस म्हणून पाहत नाही. गावाने जे पाहणं फुकट दिलं होतं, ते त्यातली सक्ती वगळून मुलांना परत मिळवून देणं, हे माध्यमिक शाळेचं काम आहे.

पाहणं म्हणजे काय, यासाठी पाण्याचं उदाहरण घेऊ. पुण्याचं बरंचसं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांच्या साखळीतून येतं आणि शुद्ध होऊन घरोघर जातं. जलशुद्धीकरण केंद्रात वर्ग नेला की मुलांना सहसा टाक्या दाखवतात, कुणीतरी माहिती सांगतं, मुलं वहीत 'दशलक्ष लिटर' असं काहीतरी लिहून घेतात आणि विसरतात. त्याऐवजी पाच मुलांना सकाळी प्रयोगशाळेत केमिस्टच्या शेजारी उभं करावं. टेबलावर काचेची सहा पात्रं ओळीने मांडलेली असतात. सगळ्यांत धरणातून आलेलं तेच गढूळ पाणी, मात्र तुरटीचं प्रमाण प्रत्येकात वेगळं, चढत्या क्रमाने. पात्रांत सोडलेली पाती आधी थोडा वेळ जोरात फिरतात, मग संथ. हळूहळू पाण्यात बारीक पुंजके धरू लागतात. पाती थांबली की ते तळाशी बसायला लागतात. पहिल्या पात्रातलं पाणी गढूळच राहतं, चौथ्यातलं निवळतं, सहाव्यात तुरटी जास्त घालूनही फायदा होत नाही, कधी उलट बिघडतं. केमिस्टबाई चौथ्या पात्रावर बोट ठेवतात आणि आजचं प्रमाण कळवतात. पावसाळ्यात धरणात माती वाहून आली की कालचं प्रमाण आज चालत नाही. पुन्हा सहा पात्रं मांडायची.

पुस्तकात 'कलिल' वाचलेल्या मुलाला इथे तीन गोष्टी एकदम कळतात. पाठ केलेल्या व्याख्येवर कुणाचं तरी पोट चालतं. त्या कामाचा गाभा निर्णयात आहे आणि तो निर्णय रोज सकाळी नव्याने घ्यावा लागतो. आणि तो चुकला तर दुपारपर्यंत हजारो घरांच्या नळाला ते दिसतं. करिअर मार्गदर्शनाच्या सभागृहात पदव्या आणि पगार सांगतात. कामातला हा निर्णयाचा क्षण सांगत नाहीत, कारण तो सांगून कळत नाही. या टेबलाशी उभी राहिलेली मुलगी आपण होऊन विचारते, 'इथे यायला बारावीनंतर काय करावं लागतं?' हा प्रश्न तिच्या तोंडून येणं आणि माहितीपत्रकातून तिच्यावर पडणं यात फार अंतर आहे.

त्याच पाण्याच्या मागे आणखी थोडं चालावं. पंप चालवणारा, मोटर बंद पडली की धावणारा इलेक्ट्रिशियन, नागरिकांच्या शिव्या खाणारा कनिष्ठ अभियंता, जमिनीखालच्या नळांचे नकाशे सांभाळणारा आरेखक, बिलाची नोंद ठेवणारा कारकून. आणि पहाटे लांब चावी घेऊन गल्लोगल्ली हिंडणारा व्हॉल्व्हमन, ज्याला कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती फेरे उघडला की टोकाच्या घरापर्यंत पाणी पोचतं हे तोंडपाठ असतं. हे ज्ञान बहुधा कुठल्या वहीत नसतं. तो निवृत्त झाला की पुढच्याला ते चुकतमाकत शिकावं लागतं. पाणी वापरून झाल्यावर ते कुठे जातं हेही विचारावं. गटारात माणूस उतरवून मैला काढण्यावर २०१३ च्या कायद्याने बंधनं आणली, तरी गटारात गुदमरून माणसं मेल्याच्या बातम्या येतच राहतात. तिथे कोणत्या जातींची माणसं राबतात, हे मुलं विचारणार. शिक्षकांनी विषय बदलू नये. शहर हे पाठ्यपुस्तक मानायचं ठरवलं तर त्यातली नकोशी पानं फाडून चालणार नाही.

सगळीच कामं कार्यालयातली नसतात. कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठाराचं काम पाहावं. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने तांब्याच्या भांड्यावर ठोक्याशेजारी ठोका, एका ओळीत, एका जोराने. त्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि झळकतो. कारागिराने रद्दी पत्र्याचा तुकडा देऊन मुलाला बसवलं तर पहिल्या ओळीतच ठोके भरकटतात आणि हाताला रग लागते. 'शिकला नाहीस तर हेच करावं लागेल' हे वाक्य ऐकत वाढलेल्या मुलाला, हेही शिकावंच लागतं, हे मनगटातून कळतं. शिवाय गॅसचे गीझर आले आणि पाणी तापवायचे बंब गेले, तेव्हा या आळीने दिवे आणि शोभेच्या वस्तू घडवायला घेतल्या, हा बाजाराचा धडाही तिथेच मिळतो.

यावर एक जुनी आणि खरी शंका आहे. कामाच्या शिक्षणाचं बोलणं सुरू झालं की गरिबांची मुलं हातोडीकडे आणि श्रीमंतांची पुस्तकाकडे, असं तर होणार नाही ना? ही भीती निराधार नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेला वेळ मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. 'कुलधंद्याचं शिक्षण' म्हणून तिच्यावर टीकेची झोड उठली, राजगोपालाचारींना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं आणि १९५४ साली त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी ती रद्द केली. विरोधकांचं म्हणणं बरोबर होतं. मूल ज्या धंद्यात जन्मलं तोच त्याला शिकवणं हे शिक्षण नव्हे. त्यातून नियम निघतो तो सरळ आहे: मुलाला घरापासून दूरच्या कामाकडे पाठवा. इंजिनिअरच्या मुलाने व्हॉल्व्हमनबरोबर पहाट काढावी, भाजीवालीच्या मुलीने केमिस्टच्या टेबलाशी सकाळ. मुलगे स्वयंपाकघरात आणि मुली वर्कशॉपमध्ये जाव्यात. कोण कुठे जाणार हे गुणांवर ठरवू नये, चिठ्ठ्या टाकून ठरवावं. ही अदलाबदल नसेल तर सगळा उपक्रम उलटा पडेल.

कल्पना नवी नाही, हेही मान्य करायला हवं. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात शेतीचं प्राथमिक ज्ञान शाळेत द्यावं असं मागितलं. १९३७ साली वर्ध्यात नई तालीमची मांडणी झाली. कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला. त्या कार्यानुभवाचं आपण काय केलं, हे आमच्या पिढीला आठवतं: घोटीव कागदाची फुलं, भेटकार्डं, पायपुसणी आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आईने पूर्ण केलेली फाइल. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना १० दिवस सांगितले आहेत, त्यांत स्थानिक कारागिरांकडे उमेदवारी करावी असं म्हटलं आहे. त्या दहा दिवसांचे दहा कार्यक्रम, दहा सत्कार आणि दहा फोटो व्हायला वेळ लागणार नाही. फरक पडेल तो मुक्कामाने. दहा ठिकाणी तासभर जाण्यापेक्षा एका ठिकाणी पाच दिवस राहणं मोलाचं, कारण पहिल्या दिवशी काम गंमतीचं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी कंटाळवाणं. कामाचा खरा चेहरा त्या कंटाळ्यात दिसतो.

हे जमतं, याचे दाखले आहेत. जपानच्या ह्योगो प्रांतात १९९८ पासून माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षाची मुलं आठवडाभर दुकानात, शेतावर, पाळणाघरात, अग्निशमन केंद्रात काम करतात. इतकं लांबही जायला नको. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात माध्यमिक शाळेतली मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, अन्नप्रक्रिया असं काम प्रत्यक्ष करतात आणि शिकवायला गावातले कारागीरही येतात. खेड्यातल्या शाळांना हे साधलं, तर चारी बाजूंनी कामाने वेढलेल्या शहरातल्या शाळांना न साधायला कारण काय?

कारण आहे, आणि ते भित्रेपणा म्हणून उडवून लावण्यासारखं नाही. २०१६ साली मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले विद्यार्थी बुडाले. तेव्हापासून सहल म्हटलं की मुख्याध्यापकांच्या डोळ्यांपुढे आधी चौकशी उभी राहते. अभ्यासक्रम संपवायचा असतो, वर्गात साठ मुलं असतात, कार्यालयं परवानगी देत नाहीत, दिली तर 'फार गोंधळ नको' अशी अट घालतात. यावर उपाय लहान गटाचा आहे. साठ मुलं एका ठिकाणी नेणं म्हणजे मिरवणूक. चार-पाच मुलं पंधरा ठिकाणी पायी किंवा बसने जाण्याच्या अंतरावर गेली, तर धोकाही कमी आणि समोरच्या माणसालाही ती जड होत नाहीत. त्या पंधरा ठिकाणांची यादी शाळेपाशी आधीच असते. पालकांच्या व्यवसायाचा रकाना प्रवेशअर्जात आपण दरवर्षी भरून घेतो. आजवर तो फक्त फाइलीत पडून राहिला.

या सगळ्यातून प्रत्येक मुलाला आपलं करिअर सापडेल अशी हमी कुणी देऊ नये. पाच दिवसांनंतर 'हे मला अजिबात जमणार नाही' असं म्हणणारी मुलगी हात हलवत परतलेली नाही. दोन वर्षांची फी आणि घरातली रडारड वाचवणारा निष्कर्ष तिने पंधराव्या वर्षी काढलेला असतो. उरलेली मुलं पुढे भलत्याच क्षेत्रात गेली तरी नळ सोडताना, पाणीपट्टीवर वाद घालताना आणि मत देताना त्यांना त्यामागची माणसं ठाऊक असतील. निवडीचा हक्क आपण या मुलांना दिला आहे, तो वापरण्यापुरतं शहर त्यांना दाखवलेलं नाही. त्यासाठी नवा कायदा नको, नवा विषय नको. मुख्याध्यापकांचं एक पत्र हवं, आणि ते ज्याच्या टेबलावर पोचेल त्या माणसाने 'पाठवा चार जणांना' असं म्हणायला हवं.