दोष कोणाच्या पदरी?

आम्ही मराठवाड्यातली माणसे. हिंगोलीहून समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे आणि आमच्या धर्मग्रामातील कित्येक वृद्धांनी तो आयुष्यात एकदाही पाहिलेला नाही. तरीही समुद्र आमच्या घरी येतो. आठवडी बाजारात एका कडेला गोणपाटावर मांडलेल्या सुकट, बोंबील आणि जवळा यांच्या ढिगांतून तो येतो आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर आमच्या ताटात बसतो. शेतमजुराच्या घरात मटण सणासुदीला. सुकट मात्र केव्हाही परवडते. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य असते, तेव्हा तर सुकट-बोंबलाचाच आधार.

अशाच एका शुक्रवारी जवळा निवडायचे काम चालले होते. वसईहून पाहुण्या आलेल्या एक मावशी आमच्याबरोबर सूप घेऊन बसल्या होत्या. निवडता निवडता त्यांचा हात थांबला. जवळ्यातून त्यांनी रुपयाच्या नाण्याएवढी एक चपटी, चंदेरी कपची उचलली, तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "हे पापलेटचं पिल्लू आहे गं. वाढलं असतं तर एकट्याने ताट भरलं असतं." पुढे त्या काही बोलल्या नाहीत. त्या सुपात तशी आणखी चार-पाच पिल्ले निघाली.

जवळा मुळातच बारीक जीव आहे. तो लहान आहे म्हणून खाण्यात दोष नाही. परंतु जवळ्याच्या जाळ्यात दुसऱ्यांची पोरे सापडली, सुकली, विकली गेली आणि आमच्या सुपापर्यंत आली. हे कोणी केले? कोळ्याने जवळ्यासाठी जाळे लावले होते, पिल्लांसाठी नव्हे. व्यापाऱ्याने गोणी उचलली, ती उघडून पाहणे त्याचा धंदा नव्हता. आम्ही वीस-तीस रुपयांचा जिन्नस घेतला, तोही धर्माने परवानगी दिलेला. तिघांपैकी कोणाच्याही कृत्यावर बोट ठेवता येत नाही. तरीही काहीतरी अयोग्य घडले आहे, हे मावशींच्या थांबलेल्या हाताला कळले होते. ज्या हानीला एकच एक कर्ता नाही, तिचा दोष कोणाच्या पदरी घालावा? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

असा प्रश्न जगात पूर्वी एकदा फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. कॅनडाच्या पूर्वेस न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात कॉड नावाचा मासा अमाप होता. १४९७ साली जॉन कॅबट तेथे पोहोचला, तेव्हा टोपली पाण्यात सोडली तरी मासे मिळतात, अशी वार्ता युरोपात गेली. कॉड मीठ लावून वाळवला की महिनोन् महिने टिकतो. युरोपातील कॅथलिक घरांत शुक्रवारी आणि उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य. त्यामुळे या माशाला शेकडो वर्षे मोठी बाजारपेठ लाभली. पोर्तुगिजांच्या स्वयंपाकात तर तो आजही मानाचा पदार्थ आहे. आमच्या सुकटीचा आणि त्या कॉडचा शुक्रवार एकच, ही गोष्ट आम्हांस विचार करायला लावते. तो मासा विपुल आहे, कधीच संपणार नाही, असे केवळ कोळीच मानत होते असे नव्हे. टॉमस हक्सले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात समुद्रातील मोठी मासेमारी अक्षय असल्याचा निर्वाळा दिला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर माशांवर जहाजावरच प्रक्रिया करून ते गोठवणारी अवाढव्य ट्रॉलर जहाजे तेथे आली. १९६८ साली त्या भागातून एका वर्षात आठ लाख टनांहून अधिक कॉड काढला गेला. १९७७ साली कॅनडाने किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंत आपला हक्क सांगितला आणि परक्या जहाजांना आवर घातला. परंतु मग स्वतःचीच जहाजे वाढवली. १९८०च्या दशकात किनाऱ्याजवळ लहान होड्यांवर मासेमारी करणारे लोक सांगत होते की मासा कमी झाला आहे, लहान झाला आहे. त्यांचे ऐकले गेले नाही. कारण खोल समुद्रातील ट्रॉलरांची जाळी अजून भरून येत होती. उरलेले मासे थोड्या जागी गोळा होत आणि यंत्रे त्यांना तेथे अचूक गाठत. भरलेले जाळे हेच विपुलतेचे प्रमाण मानले गेले. अखेर २ जुलै १९९२ रोजी ती मासेमारी बंद करावी लागली. सुमारे तीस हजार माणसांचे काम गेले. बंदी दोन वर्षांची म्हणून सांगितली होती; ती तीस वर्षांहून अधिक चालली. २०२४ साली ती उठली तेव्हा पकडीची मर्यादा अठरा हजार टन ठेवण्यात आली. आठ लाखांपुढे अठरा हजार! मासेमारी थांबवूनही दोन पिढ्यांना मासा पूर्ववत झालेला दिसला नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरांचा किनारा लाभला आहे. पालघर जिल्ह्यातील सातपाटी म्हणजे पापलेट, असे समीकरण एकेकाळी होते. वसई, अर्नाळा, उत्तन या भागातील ख्रिस्ती कोळ्यांच्या कित्येक पिढ्या डोल जाळ्यांवर जगल्या. २०२३ साली राज्य सरकारने पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केले. ज्याची काळजी वाटू लागते त्याला सन्मान देण्याची आपली रीतच आहे! केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार राज्यातील सागरी मासळी २०१८ साली सुमारे २.९५ लाख टन होती. २०१९ साली ती २.०१ लाख टनांवर आली आणि हा पंचेचाळीस वर्षांतील नीचांक ठरला. त्या वर्षी वादळांनी होड्या पुष्कळ दिवस बंदरात अडकवल्या होत्या, हे खरे. परंतु केवळ वाऱ्यावर दोष ढकलून भागत नाही.

किनाऱ्यावर विचारले तर प्रत्येकाकडे उत्तर तयार असते. पारंपरिक कोळी म्हणतो, पर्ससीनवाल्यांनी थव्यांचे थवे उचलले. लहान होडीवाला म्हणतो, ट्रॉलरने समुद्राचा तळ खरवडला. पालघर-डहाणूचे मच्छीमार वसई-उत्तनच्या कवींकडे बोट दाखवतात, तर कवीवाले म्हणतात की समुद्र त्यांच्या बापजाद्यांचाही आहे. रात्री प्रखर दिवे लावून मासे गोळा करणाऱ्यांकडे तर सर्वांचेच बोट असते. यातील प्रत्येक तक्रारीत सत्य आहे. डोल जाळ्याच्या टोकाचा आस अत्यंत बारीक असतो, त्यात पिल्ले सापडतात, हे सत्य. आणि एका पर्ससीन जाळ्याच्या एका फेऱ्यापुढे शंभर डोली लहान, हेही सत्य. परंतु प्रत्येकाचे सत्य दुसऱ्याविषयीचे आहे. स्वतःविषयीचे सत्य सांगणारा विरळा.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. होडीवर कर्ज आहे, डिझेल महाग आहे, खलाशांचा पगार चुकवायचा आहे, अशा माणसाला संयमाचा उपदेश करणे सोपे आणि क्रूर आहे. तो म्हणेल, "मी जाळे रिकामे ठेवले तर मासा वाचणार नाही; शेजारी तो नेईल." हा युक्तिवाद खोटा नाही आणि यातच खरी शोकांतिका आहे. एकट्याचा संयम येथे पुण्य ठरतो पण उपयोगी ठरत नाही. म्हणून कायदा लागतो. १९८१चा सागरी मासेमारी नियमन कायदा, १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी, २०१६ साली पर्ससीनवर घातलेले निर्बंध, २०१७ साली दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने घातलेली बंदी, आणि २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी ठरवलेले किमान आकारमान, हे सर्व त्यासाठीच. पापलेट १३५ मिलिमीटरांहून लहान धरू नये, बोंबील १८० मिलिमीटरांहून लहान धरू नये, असे हा नियम सांगतो. वीतभरसुद्धा नव्हे एवढीच ही मागणी आहे. पालघरकडील मच्छीमार संस्थांनी तर बंदीचा काळ आणखी वाढवावा, अशी स्वतःहून मागणी केली आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात न लोटण्याची पूर्वजांची रीत त्यांच्या स्मरणात आहे. भुकेल्या माणसाला संयम कळत नाही असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मग दोषाचे काय? आम्हांस असे वाटते की दोष आणि उत्तरदायित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत केल्यामुळे आपण सुटतो. दोष मोजता येतो, वाटता येतो. ज्याच्या हाती मोठे जाळे त्याचा वाटा मोठा, हे न्यायाचे आहे. परंतु ज्याच्या वाट्याला दोष थोडा आला तो उत्तरदायित्वातून मोकळा होत नाही. जखमी वाटसरूला पाहून याजक आणि लेवी पुढे निघून गेले, त्यांनी त्याला मारले नव्हते. शोमरोनी माणसानेही मारले नव्हते. प्रश्न मारले कोणी हा नव्हता. जवळ कोण गेले, हा होता. म्हणूनच आपण पापनिवेदन करताना केवळ केलेल्या कृत्यांचा नव्हे, तर न केलेल्या कर्तव्यांचाही उच्चार करतो.

जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथात एक छोटासा नियम आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे आढळले तर पिल्ले घ्यावीत, पण त्यांच्यावर बसलेली आई सोडून द्यावी. घेण्याला मनाई नाही. मुळालाच हात घालण्याला मनाई आहे. आपण काय करतो? गाभोळी असलेला मासा मागून घेतो आणि तो मिळाल्याचा आनंद मानतो. आई आपण खातो आणि जवळ्यातून पिल्लेही खातो. त्या प्राचीन नियमाच्या दोन्ही बाजू आपण एकाच ताटात संपवतो.

आणि हा केवळ समुद्राचा प्रश्न नाही. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर ही धरणे आमच्या उशाशी आहेत. त्यांच्या पाण्यात रोहू, कटला यांचे बीज सोडले जाते आणि भोई बांधव त्यावर पोट भरतात. कयाधूच्या काठी, नामदेवांच्या नरसीच्या परिसरात, उन्हाळ्यात डोहाला मच्छरदाणीसारखे जाळे लावून बोटभर मासळी खरवडून नेणारी मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांना रागावणे सोपे. पण ती मासळी वाटा म्हणून विकत घेणारे हात आमचेच होते.

तेव्हा आम्ही काय करावे? आम्ही काही समुद्र भरून देऊ शकत नाही. परंतु विकणाऱ्याला विचारू शकतो: यात पिल्ले आहेत का? ज्या ढिगात ती दिसतील तो ढीग सोडून पुढे जाऊ शकतो, आणि का सोडला ते सांगू शकतो. गाभोळीचा हट्ट धरायचा नाही, एवढे घरातल्या घरात ठरवू शकतो. विकणारी बाई पहिल्यांदा हसेल, दुसऱ्यांदा चिडेल, आणि दहा गिऱ्हाइकांनी तेच विचारले तर गोणी देणाऱ्याला विचारील. एकट्याचा संयम समुद्राला उपयोगी पडत नाही, असे आम्ही वर म्हटले. पण प्रश्न एका तोंडून दुसऱ्या तोंडी जातो आणि बाजार त्याच वाटेने किनाऱ्यापर्यंत पोहोचलेला असतो. शुक्रवारचा उपवास मांसाऐवजी मासा खाण्यापुरता उरला तर तो केवळ ताटातला बदल. आपल्या ताटासाठी कोठे काय संपले, याची आठवण ठेवली तर तो उपवास.

त्या दिवशी मावशींनी ती पाच पिल्ले सुपाच्या कडेला वेगळी ठेवली. कोणी ती शिजवली नाहीत, कोणी टाकलीही नाहीत. संध्याकाळपर्यंत ती तशीच खिडकीत होती आणि स्वयंपाकघरात येणारा प्रत्येक जण ती पाहून क्षणभर थांबत होता.