दोन हातांवर जाण्याआधी

ॲक्रन, ओहायो

चि. सुमेध यास,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. विचिटाला शिकायला गेल्यावर तू बोलिंग मनावर घेशील असं तुझ्या आईला वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, कारण तिथल्या विद्यापीठाचा बोलिंग संघ देशात नावाजलेला आहे. तुझी लीग हौशी असली तरी हवा तीच. तू विचारतोस, लीगमधली निम्मी मुलं दोन्ही हातांनी टाकतात, त्यांचा बॉल गटरच्या काठावरून गर्रकन आत वळतो आणि पिना उडतात. माझा बॉल मुकाट सरळ जातो. तर मीही दोन हातांवर जाऊ, की मामा, तुझ्यासारखा नजाकतीचा खेळ धरून बसू?

माझ्याकडून नजाकतीची वकिली होईल अशी तुझी अपेक्षा असणार. ती मी करणार नाही. जोर जिंकलाय, आणि जिंकला तो फॅशन म्हणून नव्हे. फाउल लाइनपासून पहिल्या पिनेपर्यंत 60 फूट आणि लेनची रुंदी अवघी साडेएकेचाळीस इंच. एवढ्या चिंचोळ्या पट्टीवर अगदी कडेवरून तिरका टाकलेला सरळ बॉलसुद्धा पॉकेटमध्ये (1 आणि 3 नंबरच्या पिनांमधल्या फटीत) दीड अंशापेक्षा जास्त कोनात शिरू शकत नाही. अमेरिकन बोलिंग महासंघाच्या चाचण्यांत उत्तम ठरलेला कोन सहा अंशांच्या आसपासचा आहे. मधला फरक फक्त वळणारा बॉल भरून काढतो. शिवाय पहिल्या पिनेला धडकल्यावर सरळ बॉल बाजूला ढकलला जातो, भरपूर फिरणारा तसाच आत घुसतो. उजव्या हाताच्या चोख स्ट्राइकमध्ये बॉल स्वतः चारच पिनांना शिवतो: 1, 3, 5 आणि 9. उरलेल्या सहा पिना पिनांनीच पाडायच्या असतात. बॉल भरकटला की ही साखळी तुटते आणि कोपऱ्यातली दहा नंबरची पिन तुझ्याकडे बघत उभी राहते. तुझी ती तक्रार मला तोंडपाठ झालीय.

दुसरं कारण माझ्या धंद्यातलं, म्हणून जरा रेंगाळतो. 1973 साली डॉन मॅक्यून या खेळाडूने प्लास्टिकचा बॉल मिथाइल इथाइल कीटोनमध्ये भिजवला. वरचा थर मऊ पडला, बॉल लेनला धरू लागला आणि या गृहस्थांनी एका वर्षात सहा स्पर्धा जिंकल्या. (हे द्रावण आम्ही प्रयोगशाळेत हातमोजे घालून, धूर खेचणाऱ्या पंख्याखाली वापरतो. वसतिगृहाच्या बाथरूममध्ये असले उद्योग करू नकोस.) पुढे बॉल किमान किती कठीण असावा याचा नियम आला, भिजवाभिजवी बंद झाली, पण घर्षणात काय कमाई आहे हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेन आलं, नव्वदीच्या सुरुवातीला रिॲक्टिव्ह रेझिन. या रेझिनच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. ती लेनवरचं तेल पितात आणि कोरडा भाग आला की बॉल तिथे पकड घेतो. पूर्वी जे काम मनगटाला करावं लागे, त्यातलं बरंचसं आता बॉलची कातडी करते. मग ज्याच्याकडे फिरकी जास्त, त्याला हा माल जास्त फळणार हे उघड आहे.

आता तू ज्याला माझा जमाना म्हणतोस त्याकडे येऊ. माझ्या गावाचा थोडा अभिमान सहन कर: व्यावसायिक बोलर्सची संघटना 1958 साली एडी इलायस या इथल्याच वकिलाने उभी केली, 33 सभासदांवर. चॅम्पियन्सची मोठी स्पर्धाही कित्येक वर्षं इथेच, फायरस्टोन टायरवाल्यांच्या नावाने व्हायची. जुन्या मंडळींचा देव म्हणजे अर्ल अँथनी. डावखुरा, संथ, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्यापर्यंत एकच ताल. 1975 मध्ये एका मोसमात एक लाख डॉलर कमावणारा तो पहिला बोलर. त्याच काळात ब्रुकलिनचा मार्क रॉथ जवळजवळ धावत येऊन बॉल असा पिळायचा की त्याच्या अंगठ्याची सालं निघत. रॉथने 1978 मध्ये आठ स्पर्धा जिंकल्या. म्हणजे जोर आणि नजाकत यांचं भांडण तुझ्या दोन हातवाल्यांनी सुरू केलेलं नाही. ते निदान अर्ध्या शतकाचं आहे.

माझा स्वतःचा आवडता मात्र वॉल्टर रे विल्यम्स. पदवी भौतिकशास्त्राची, घोड्याची नाल खुंटीवर फेकण्याच्या खेळातही जगज्जेता, आणि बोलिंगमध्ये 47 विजेतेपदं, जी अजून कुणाला गाठता आलेली नाहीत. रेझिनच्या ऐन भरात, सगळे बॉल पिळत असताना, हा माणूस कमी फिरकीचा, बराचसा सरळ बॉल टाकून जिंकत राहिला. लागोपाठ सतरा मोसमांत किमान एक विजेतेपद. त्याचं गुपित अगदी कंटाळवाणं होतं: त्याचे स्पेअर सुटत नसत. गणित करून बघ. दहाही फ्रेममध्ये पहिल्या बॉलला नऊ पिना पाडल्या आणि उरलेली एक दुसऱ्या बॉलला पाडली, तर एकही स्ट्राइक न मारता 190 होतात. तुझ्या त्या उडवाउडवी करणाऱ्या मित्रांची सरासरी किती आहे, जरा विचार त्यांना.

केली क्युलिकचाही सामना शोधून बघ. 2010 साली लास वेगासमध्ये चॅम्पियन्सच्या त्याच स्पर्धेत तिने अंतिम फेरीत ख्रिस बार्न्सला 265 विरुद्ध 195 ने हरवलं. पुरुषांसोबत खेळून व्यावसायिक संघटनेच्या टूरवर विजेतेपद मिळवणारी ती पहिली स्त्री. तिच्या हातात त्या पुरुषांएवढा जोर नव्हता, आणि त्या दिवशी त्याची गरजही पडली नाही.

हे वाचून तू म्हणशील, मामा फिरून नजाकतीवरच आला. नाही रे. माझं म्हणणं असं की जोर तुला जागा देतो. पण ती जागा दर दहा मिनिटांनी हलते, आणि कुठे हलली हे ओळखण्याचं कसब दोन हातांनी टाकल्याने येत नाही. लेनवरचं तेल दिसत नाही. कॅरमवर बोरिक पावडर कुठे दाट, कुठे उडालेली, हे आजोबा सोंगटीच्या घसरण्यावरून ओळखायचे, तसं ते बॉलवरून वाचायचं असतं. तुमच्या लीगच्या लेनवर तेल मधोमध दाट आणि कडांना विरळ असणार. बॉल बाहेर चुकला तर कोरड्या भागावर पकड घेऊन परत येतो, आत चुकला तर तेलावर घसरत सरळ राहतो. दोन्ही चुका पॉकेटमध्ये. अशा लेनवर जोरवाले राजे दिसतात यात नवल नाही. यूएस ओपनमध्ये तेल एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळजवळ सारखं पसरलेलं असतं. तिथे जास्त फिरकी असलेल्याची चूकही जास्त वळते. त्यात रेझिनचे बॉल तेल पीत जातात, म्हणजे जोरवाला जी वाट वापरतो तीच वाट तो जाळत जातो. पहिल्या गेमला 250 करणारा तिसऱ्या गेमला 170 वर का येतो, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

जेसन बेलमाँटीचं तुला वेड आहे ते योग्यच. ऑस्ट्रेलियातल्या ऑरेंज गावचा हा मुलगा, आईबापांचं बोलिंग सेंटर, लहानपणी एका हाताने बॉल उचलेना म्हणून दोन्ही हात लावले आणि पुढे ते सोडलेच नाहीत. आज त्याच्या नावावर 15 मेजर आहेत. आधीचा विक्रम दहाचा होता. पण त्याचे सामने बघताना पिनांकडे बघू नकोस. तेल बदललं की तो वेग किती उतरवतो, बॉल लेनवर किती पुढे नेऊन सोडतो, पायांची जागा किती सरकवतो, ते बघ. ज्याला आमची पिढी नजाकत म्हणायची ती अख्खी त्याच्यात आहे, फक्त मिनिटाला सहाशे फेऱ्यांच्या फिरकीखाली झाकलेली. आणि एका हातानेही हा जोर आणता येतो: ई. जे. टॅकेट 2023 आणि 2024 अशी दोन्ही वर्षं सर्वोत्तम खेळाडू ठरला, एक हात, अंगठा भोकात घालून.

तेव्हा दोन हातांवर जायचं तर जा. पण मोसमाच्या मध्यात नको, उन्हाळ्याच्या सुट्टीत. त्यात कंबर आणि गुडघा पुष्कळ वाकतो. पाठ दुखली तर थांब, त्यात शौर्य नाही. नवा महागडा रेझिनचा बॉल आत्ताच घेऊ नकोस. आधी स्वस्तातला प्लास्टिकचा घे आणि त्याने फक्त दहा आणि सात नंबरच्या पिना पाडत बस. प्लास्टिक तेलाला दाद देत नाही, ते सरळ जातं, स्पेअरला तेच हवं. स्पर्धेआधी तेलाची लांबी विचारून घे आणि त्यातून 31 वजा कर. जो आकडा उरेल, कडेपासून मोजलेल्या त्या नंबरच्या बोर्डाच्या (लेनच्या उभ्या फळीच्या) आसपास बॉल तेलातून बाहेर पडायला हवा. 40 फुटी तेल असेल तर नववा. हा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे, पण सराव करायला मिळतो तेवढ्या पाचदहा मिनिटांत तो कामाला येतो. प्रत्येक बॉलनंतर टॉवेलने तेल पूस. अर्धे लोक आळस करतात आणि सहा महिन्यांनी बॉल मेला म्हणून रडतात.

आणि पुढच्या वेळी व्हिडिओ पाठवशील तेव्हा स्ट्राइकचे तुकडे जोडून पाठवू नकोस, ते सगळ्यांचे सारखेच दिसतात. तिसरा गेम पूर्ण पाठव, कॅमेरा तुझ्या पाठीमागे ठेवून, सोबत तिन्ही गेमच्या स्कोअरचा फोटो. जिथे स्पेअर सुटला तिथे दुसऱ्या बॉलला तू कुठे उभा होतास ते मला बघायचंय.

तुझा,
मामा