धूर कुणाच्या वाट्याचा

इंजिन बांधायचे, बदलायचे की गाडीच काढून टाकायची, हा प्रश्न घरात निघाला तेव्हा सगळ्यांनी आधी पैशांचा हिशेब केला. तो सोपा होता. गाडी २००८ची, पेट्रोलची, नंबर एमएच-०४, कारण तेव्हा पालघर जिल्हा झाला नव्हता आणि आम्ही ठाण्यात मोडत होतो. आज तिचे साठ-सत्तर हजार येतील, आणि इंजिनचे पूर्ण काम करायचे तर त्यातले निम्म्याहून जास्त त्यातच जातील. एवढ्यावर कोणीही म्हणेल, काढून टाका. मला मात्र हा हिशेब पुरा वाटत नव्हता. त्यात काय राहून गेले आहे, हे मी गेले काही आठवडे स्वतःला विचारते आहे.

बिघाड काय आहे ते आधी सांगते. सकाळी गाडी चालू करताना निळसर धूर येऊन थांबतो. तेवढाच असता तर व्हॉल्व्हचे सील बदलून भागले असते. पण बोईसर-चिल्हार रस्त्यावर गाडीला जोर द्यावा लागला की मागे निळा पट्टा सुटतो. मिस्त्रींनी चारही प्लग काढून कॉम्प्रेशन मोजले. तीन सिलिंडर ठीक निघाले, एक फारच खाली. त्या सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून त्यांनी पुन्हा मोजले, तर काटा वर चढला. ऑइलने फट तात्पुरती बुजली आणि दाब वाढला, म्हणजे गळती व्हॉल्व्हकडून नाही, रिंगांकडून आहे. रिंगा गेल्या आहेत, बोअरही घासला असणार. ऑइल जळते तेव्हा नुकसान धुरापाशी थांबत नाही. ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आतल्या थरावर बसत जातो आणि कन्व्हर्टर हळूहळू निकामी होतो. मग पेट्रोलचे जे विषारी वायू त्याने निवळायचे, तेही तसेच बाहेर पडतात.

आणि हे सगळे बाहेर पडते ते आमच्या कुंभवलीत, तारापूर औद्योगिक वसाहतीच्या शेजारी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा तारापूर अतिप्रदूषित पट्ट्यांच्या यादीत होते. २०१८च्या मोजणीत तारापूरचा आकडा १००पैकी ९३.६९ आला, देशात सर्वांत वर. रात्री उग्र वास आला की खिडक्या लावून घ्यायच्या, हे आमच्याकडच्या मुलांना शिकवावे लागत नाही. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने वसाहतीच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली, आणि २०२२च्या जानेवारीत लवादाने कारखान्यांना भरपाई भरायला लावणारा निकाल दिला. तो दिवस मला चांगला आठवतो. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी चिकाटीने लढून हे मिळवले, याचा मला अभिमान वाटला होता. जो घाण करतो त्याने भरावे, हे तत्त्व मला तेव्हा पटले, आजही पटते. मग ते माझ्या सायलेन्सरला लागू होते की नाही?

यावर मनाने दिलेले पहिले उत्तर असे होते: इतके बॉयलर, इतके टँकर, त्यात एका गाडीचा धूर किती? उत्तर खोटे नाही. माझा वाटा मोजायला गेले तर हाताला लागणार नाही. पण हा युक्तिवाद माझ्या ओळखीचा आहे. मी याच वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. ही गाडी त्याच पगारातून आली. ‘आपल्या एकट्याने काय फरक पडतो, शेजारी काय सोडतात ते बघा,’ हे मी तिथे वर्षानुवर्षे ऐकत आले आहे आणि प्रत्येक वेळी मला त्याचा राग आला आहे. मोठ्या वाटेकऱ्यांचा दोष मी माझ्या माथी घेणार नाही, तसे करणे हाही एक खोटेपणाच होईल. परंतु जे वाक्य त्यांच्या तोंडी मला अन्यायाचे वाटते, ते माझ्या तोंडी न्यायाचे होणार नाही.

कागद माझ्या बाजूने आहेत. २०२३ला पंधरा वर्षे पुरी झाली तेव्हा पाच हजार रुपये शुल्क आणि वर पर्यावरण कर भरून मी नोंदणी २०२८पर्यंत वाढवून घेतली. पीयूसी दर सहा महिन्यांनी होते आणि गाडी पास होते. मात्र पेट्रोल गाडीची ती तपासणी इंजिन जागेवर संथ चालू ठेवून होते, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. धुराचा दाटपणा मोजतात तो डिझेल गाड्यांचा. माझ्या गाडीचा धूर जोर दिल्यावर दिसतो, म्हणजे तपासणीच्या नळीपुढे तो येतच नाही. ही पावती खरी आहे, पण माझ्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नाही. दिल्लीत हा प्रश्न माणसाच्या मर्जीवर सोडला गेला नाही. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर नकोत, या आदेशावर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले, पुढे त्यात बदल होत राहिले. आपल्याकडे तसे बंधन नाही. त्यामुळे निर्णय माझा आहे, आणि त्याची जबाबदारीही.

स्वस्तातले मार्ग लगेच समोर आले. ‘ताई, घट्ट ऑइल टाकतो, वर एक डबी ओततो, धूर दिसायचा बंद होईल,’ असे एकाने सांगितले. दिसायचा बंद होईल, हे त्याने प्रामाणिकपणेच सांगितले. ते ऐकून मला क्षणभर हायसे वाटले, याची मात्र नंतर फार टोचणी लागली. दुसऱ्याने कुर्ल्याहून जुने इंजिन आणून बसवायची तयारी दाखवली. काम लवकर झाले असते. पण इंजिनचा नंबर नोंदणी पुस्तकात असतो, तो बदलला की कायद्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवावे लागते. बिल कुठे आहे, ते इंजिन कोणत्या गाडीतून निघाले, असे विचारल्यावर तो गप्प झाला. चोरीच्या गाडीचे इंजिन माझ्या बॉनेटखाली असण्याची शंका घेऊन मला गाडी चालवता आली नसती.

मग विकण्याचा विचार. एजंट आला, गाडी फिरवली, धूर पाहिला आणि म्हणाला, ‘मॅडम, जव्हार-मोखाड्याकडे गिऱ्हाईक आहे, तिकडे धूर कोण बघतो?’ माझा हिशेब अपुरा का वाटत होता ते या वाक्याने मला कळले. गाडी विकली की धूर संपत नाही, तो माझ्या दारातून उठून दुसऱ्याच्या दारात जातो. घाटाच्या चढावर, माणसांनी भरलेली, तर आणखी वाढतो. ज्यांच्या अंगणात आजवर कारखान्याची एकही चिमणी नाही, त्या पोरांच्या वाट्याला मी माझे जळके ऑइल पाठवायचे, तेही कदाचित इंजिनची खरी अवस्था गिऱ्हाइकाला न सांगता. हे मला करायचे नाही. नवी गाडी घेताना जुनी शोरूमवाल्याला दिली तरी तिची वाट बहुधा हीच असते. २०२१च्या धोरणानुसार नोंदणीकृत भंगार केंद्रात ती मोडीत काढली, तरच तिचा धूर खरोखर थांबतो.

गाडी मुळात हवीच का, हेही विचारले. २०१३पासून डहाणूपर्यंत लोकल आल्या आहेत, रिक्षा दारात मिळते. सासूबाईंना मात्र स्टेशनचा पूल चढवत नाही आणि त्यांचे दवाखाने थांबत नाहीत. तेवढ्यासाठी गाडी हवी. पण कामावर जायला? कारखाना इतका जवळ आहे की इंजिन गरम होण्याआधीच मी पोहोचते. थंड इंजिनात पेट्रोल पुरते जळत नाही, ते रिंगांवरून खाली उतरून ऑइल पातळ करते, आणि अशा छोट्या फेऱ्यांनीच रिंगा आणि बोअर लवकर झिजतात. म्हणजे या बिघाडात वयाइतकाच माझ्या सवयीचा भाग आहे. नवी गाडी आणून तीही अशीच वापरली, तर काही वर्षांनी मी याच प्रश्नापाशी येईन.

तेव्हा ठरले ते असे. मिस्त्रींनी गाडी वर उचलून तळ ठोकून पाहिला. इथल्या खाऱ्या हवेत पत्रा आधी जातो, आमचा शाबूत आहे. तो सडका असता तर मी भंगार केंद्राचाच रस्ता धरला असता. इंजिनचे काम पूर्ण करायचे: बोअर, ओव्हरसाइझ पिस्टन, नव्या रिंगा, व्हॉल्व्हच्या गाइड आणि सील, हेडचे फेसिंग, आणि कन्व्हर्टरही नवा. ब्लॉक तोच राहतो, म्हणून नंबरही तोच राहतो. पावती पक्की घ्यायची. बांधलेले जुने इंजिन भारत स्टेज सहाच्या नव्या इंजिनाइतके स्वच्छ होणार नाही, हे मला माहीत आहे; त्याची थोडी भरपाई कामावर पायी जाऊन करायची आहे. एवढे करूनही ती ऑइल खात राहिली, तर २०२८ची वाट न पाहता ती थेट भंगार केंद्रात जाईल, एजंटकडे नाही.

तुमची गाडी जुनी असेल तर एक करा. पीयूसीच्या पावतीवर थांबू नका. कुणाला तरी मोटरसायकलवर मागून यायला सांगा आणि चढावर जोर देऊन पाहा. निळा धूर दिसला, तर तो बंद करा किंवा गाडी मोडीत काढा. दुसऱ्या गावाला विकू नका.