माळावरची शांतता

‘शॅडो ऑफ द कोलोसस’ हा प्लेस्टेशन २ वरचा २००५ सालचा गेम. दिग्दर्शक फुमितो उएदा. मेलेल्या मुलीला परत आणण्यासाठी सोळा महाकाय जीव मारायचे, एवढंच काम. वाटेत गावं नाहीत, किरकोळ शत्रू नाहीत. घोडा दौडवत राहायचं. तेव्हा संगीतही बहुतेक गप्पच.

तेरावा जीव वाळवंटावर उडत असतो. तो आपल्यावर हल्ला करतच नाही. तरी मी त्याच्या पोटाखालच्या हवेच्या पिशव्या बाणांनी फोडल्या, अंगावर चढलो आणि तलवार खुपसली. तो कोसळला तेव्हा विजयाचं नव्हे, शोकाचं संगीत वाजलं.

गेमने दुसरा मार्गच ठेवला नाही, मग दोष माझा कसा? पण कंट्रोलर खाली ठेवता आला असताच की! मी ठेवला नाही, कारण मला पुढचं पाहायचं होतं. इतर गेममध्ये ही सबब गोंगाटात खपून जाते. इथे पुढच्या शिकारीपर्यंतच्या लांब रपेटीत ती माझी मलाच ऐकू येत राहिली.

जुन्या गेमचं ‘वातावरण’ आठवतं म्हणतो, तेव्हा मला हा मोकळा वेळच आठवत असतो. मी सोळाही मारले. त्या ओसाड माळावर ते स्वतःपासून लपवायला जागा नव्हती.