वहिवाट

पुण्याच्या जुन्या पेठांत, कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव यांपैकी कुठल्या तरी बोळात एक घर घ्यावे आणि उरलेले आयुष्य पायी चालत काढावे, अशी इच्छा दूरच्या संकुलांत राहून प्रवासाने शिणलेली पुष्कळ माणसे बोलून दाखवतात. ती बोलेपर्यंत दराचा, चटईक्षेत्राचा, लिफ्टचा, कर्जाच्या हप्त्यांचा विचार झालेला असतो. पण खरेदीखताच्या मसुद्यात चतुःसीमेच्या जवळपास, लेखनिकाने सवयीने टंकलेल्या एका ओळीत जो शब्द निमूटपणे बसलेला असतो, त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. जाण्यायेण्याच्या वहिवाटीच्या हक्कांसह, एवढीच ती ओळ. वाचकहो, भिंतींच्या आतले सारे पैशाने मोजता येते. भिंतींच्या बाहेरचे जे आपण जुन्या वस्तीत घेऊ पाहतो, ते या वहिवाटीत आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू.

वहिवाट हा चालण्यातून सिद्ध झालेला हक्क. १८८२ चा जो कायदा कचेरीत सगळे ईझमेंट ॲक्ट म्हणूनच ओळखतात, तो सांगतो की दुसऱ्याच्या जमिनीवरून एखादा मनुष्य उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता वीस वर्षे जात-येत राहिला, तर ते जाणे-येणे त्याच्या वास्तूला जडते आणि वास्तू विकली की तिच्याबरोबर नव्या धन्याकडे जाते. यातले ‘हक्क म्हणून’ हे शब्द फार सूक्ष्म आहेत. शेजाऱ्याच्या परवानगीने पन्नास वर्षे गेलात तरी ती मेहरबानीच राहते. म्हणजे आपण आज ज्या बोळातून आपल्या नव्या दारापर्यंत पोहोचणार, तो कित्येकदा कोणा अनोळखी माणसांच्या रोजच्या पावलांनी आपल्यासाठी आधीच मिळवून ठेवलेला असतो. पाण्याची कळशी घेऊन, सोवळ्याची पळी-पंचपात्री घेऊन, शाळेचे दप्तर घेऊन ती माणसे गेली, आणि त्यांच्या जाण्याचे पुण्य म्हणा, फळ म्हणा, आपल्या खरेदीखतात एका ओळीने उतरले.

पण वहिवाट जशी घडली तशीच आणि तेवढीच मिळते, हा तिचा दुसरा पदर, आणि घर घेणाऱ्याला खरा उपयोगाचा हाच आहे. त्याच कायद्याप्रमाणे एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क येत नाही. पायी जाण्याची वहिवाट असेल तर तिच्यातून मोटार नेण्याचा हक्क निघत नाही. जुना वाडा पडला आणि वीस वर्षांच्या आत त्याच जागेवर नवी इमारत उभी राहिली तर मावळलेला हक्क पुन्हा जागा होतो खरा, पण नव्या वास्तूने समोरच्या जमिनीवर पूर्वीपेक्षा अधिक भार टाकता कामा नये. शनिवार पेठेतला एखादा बोळ डोळ्यांसमोर आणा: भाजीच्या पिशव्या घेतलेली दोन माणसे समोरासमोर आली की एकाला खांदा तिरपा करावा लागतो, फरशीचा मधला भाग झिजून किंचित खोलगट झालेला, कोनाड्यात तेलाने काळाभोर झालेला मारुती, आणि टोकाला सहा बिऱ्हाडांच्या जागी उभी राहिलेली पाच मजली इमारत, जिच्या माहितीपत्रकात ‘ॲम्पल पार्किंग’ असे छापलेले. त्या बोळाने सहा बिऱ्हाडांची पावले पत्करली होती. त्याने गाड्या कधी पत्करल्या, हे मात्र त्या माहितीपत्रकात नसते. बिल्डरला हे विचारले की तो हसतो. त्या हसण्यावर विसंबून विसार देऊ नये, असे माझे मत आहे.

आता याच शब्दाची देवळातली बाजू पाहू. मंदिराचे उत्पन्न, उत्सव, नैवेद्य आणि दिवाबत्ती सांभाळणाऱ्याला आपल्याकडे वहिवाटदार म्हणत आले. मालकी देवाची, वहिवाट याची. नित्यपूजा चुकली तर वहिवाट मोडली असे म्हणण्याची रीत आहे, कारण तिथेही वहिवाट अखंड आचरणावर उभी असते. पेठेत राहायला जाणाऱ्याच्या वाट्याला हे वहिवाटदारपण न मागता येते. कसब्याचा गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत, तांबडी जोगेश्वरीही चालण्याच्या टप्प्यात. चतुर्थीला सकाळी अनवाणी जाऊन यायचे तर वाहनाचा विचारही मनात येत नाही. आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबापाशी मुक्कामाला असते, तेव्हा या पेठांतून चालणारे लाखो वारकरी ज्या अधिकाराने चालतात तो कोणत्या दप्तरात नोंदलेला आहे? चालत आले म्हणून चालतात, आणि ते चालतात म्हणून वाट त्यांची असते. उपासना हीदेखील जीवाने परमेश्वराकडे रोज पडणाऱ्या पावलांनी पाडलेली वहिवाटच आहे, आणि म्हणून तिच्यात मेहरबानीची भाषा शोभत नाही. नामस्मरण करणारा हक्क म्हणून त्या दारी जातो.

या शब्दाला दोन टोके आहेत, हे मात्र विसरायला होते. जिथे माझी वहिवाट दुसऱ्याच्या जमिनीवरून जाते, तिथे दुसऱ्याची माझ्या खिडकीखालून जाते. जुन्या वाड्यात चौकातला नळ, सामाईक भिंत, वरच्या मजल्याचे पागोळीचे पाणी, मागच्या बिऱ्हाडाचा जिन्यापर्यंतचा रस्ता, ही सारी दुसऱ्यांची वहिवाट सोसण्याची स्थाने होती आणि तिथे भांडणेही मनसोक्त होत. आज फ्लॅट घेऊन आलेल्या माणसाला पहाटेची काकड आरती, मांडवाचे बांबू, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत रात्रभर घुमणारे ढोल सोसवत नाहीत आणि तो तक्रारीचे अर्ज लिहू लागतो. आवाजाच्या मर्यादा पाळल्याच पाहिजेत, त्याबद्दल माझे दुमत नाही. पण मिरवणुकीने आपल्या रस्त्यावरून जाऊच नये असे म्हणणारा, पेठेत पायी हिंडण्याचे सुख मागतो आणि ज्या गर्दीने ते सुख राखले तिला परत पाठवू पाहतो.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले आणि मातीच्या भिंतींचे वाडे बसत गेले. भिंती गेल्या तरी लोक परतले, चालू लागले. वहिवाटीला पुराचे भय त्या मानाने थोडे. तिला खरे भय बंद कुलपाचे. जाण्यायेण्याचा हक्क सलग वीस वर्षे वापरलाच नाही तर कायद्यानेच तो मावळतो. ‘गुंतवणूक’ म्हणून पेठेत घर घेऊन ते कुलूपबंद ठेवणारा, किंवा तळघरातून गाडीत बसून तळघरातच उतरणारा, कागदोपत्री धनी असेल. वहिवाटीत तो नाही. वाणी, पुस्तकाचे दुकान, देऊळ आणि दवाखाना हे सगळे चपला घालून गाठायचे अंतर, ज्याच्यासाठी त्याने चौरस फुटाला जास्त दर मोजला, ते त्याच्या न चालण्याने हळूहळू ओसाड होत जाते, कारण कोपऱ्यावरचा वाणी चालत येणाऱ्या गिऱ्हाइकावर जगतो.

तेव्हा ज्यांना घ्यायचे आहे त्यांनी विसार देण्यापूर्वी त्या बोळातून सकाळी आणि रात्री चालून पाहावे, तिथून आणखी कोण जाते, ते किती वर्षे जातात, हे ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारावे. मालमत्ता पत्रकावर आणि सिटी सर्व्हेच्या नकाशावर तो बोळ कोणाच्या नावे आहे हे वकिलाकडून काढून घ्यावे, जुने भाडेकरू असतील तर त्यांचा हक्क काय ते लेखी समजून घ्यावे, आणि खरेदीखतातली ती ओळ मोघम न ठेवता बोळ कुठून कुठे, किती फुटी, पायी की वाहनाचा, हे नकाशा जोडून त्यात लिहून घ्यावे. आणि तुमच्या जोत्यासमोरून मागच्या घरची आजी देवळात जात असेल, तर तिची वहिवाटही त्याच कागदात नोंदवायला सांगावे.