उंची कोणाची?



मुंबईत लोअर परळला ‘वर्ल्ड वन’ नावाचा निवासी मनोरा आहे. २०१० साली तो जाहीर झाला तेव्हा ११७ मजल्यांचा, ४४२ मीटर उंच होणार होता. विमानतळ प्राधिकरणाने तेवढ्या उंचीला परवानगी दिली नाही, म्हणून तो २८० मीटरवर थांबला. आणे पठारावर बसून हा विषय लांबचा वाटेल. पण तो मनोरा श्रीनिवास मिलच्या जागेवर उभा आहे. आपल्याकडे पाऊस बेताचा, बाजरी पिकली तर पिकली. म्हणून जुन्नर-आंबेगावातली कितीतरी माणसे मुंबईच्या गिरण्यांत साचे चालवायला गेली.

उंच बांधणे हे पाप आहे का? बाबेलचा बुरूज आठवून आपण चटकन ‘हो’ म्हणतो. तसे नाही. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या शहराने वर जायचे नाही तर कुठे जायचे? आणि चर्चचे मनोरेही काही बुटके नसतात! बाबेलविषयी यहुदी धर्मपंडितांची एक जुनी कथा आहे. वरून वीट पडली की लोक रडत बसत; माणूस पडला तर कोणी वळूनही पाहत नसे. दोष होता तो इथे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियमांत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: मोकळ्या जागेला, सार्वजनिक घरांना आणि मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि पहिले दोन वाटे आक्रसले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. पुढे सुमारे दीड लाख कामगारांनी व वारसांनी घरांसाठी अर्ज केले. पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी.

वैध आणि न्याय्य हे एकच नव्हे. संत थॉमस अक्वायनस शिकवतात, की मालमत्ता माणसाने स्वतःची म्हणून सांभाळावी. उपभोग घेताना मात्र ती सर्वांची समजावी, गरजवंताला वाटा द्यावा. कोणी म्हणेल, ‘मालकाने पगार दिला होता, आणखी काय द्यायचे?’ प्रश्न रास्त आहे. पण पगार कापडाचा होता. त्या जमिनीला सोन्याचा भाव आला तो भोवतीच्या शहरामुळे, आणि ते शहर चाळीत दहा-दहा जण राहून याच माणसांनी वसवले. त्याचा हिशेब कोणी केला नाही. मनोऱ्याची उंची अडली ती विमानांपाशी, कामगारांपाशी नव्हे.

आता आपल्याकडेही कल्याण-नगर रस्त्यालगतच्या जमिनींचे व्यवहार होतात. सही करण्याआधी आपण सातबारा, मोजणी सगळे तपासतो. ज्या गड्याने ते रान वीस वर्षे कसले, ज्या बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आहे, त्यांना व्यवहाराचा खरा आकडा आपण सांगतो का?