लेकराचे रडणे आणि आपला नेम

संध्याकाळी देवळात हरिपाठ उभा राहिला आहे, टाळ लागले आहेत, आणि मांडीवरचे चार महिन्यांचे पोर एकाएकी टाहो फोडते. आईने काय करावे? उठून बाहेर जावे, की नेम पुरा करावा? प्रश्न ऐकायला लहान आहे. पण जामखेडकडच्या एका माळकरी बाईने तो ज्या शब्दांत विचारला ते शब्द सहज बाजूला सारण्यासारखे नव्हते. ती म्हणाली, "महाराज, पोर झाल्यापासून माझा एक हरिपाठ धड झाला नाही. काकडा तर सुटलाच. एकादशीला नुसत्या पाण्यावर राहायचे, तर आता सासूबाई म्हणत्यात दूध आटंल. मग मी वारकरी राहिले का नाही?"

सज्जनहो, या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक कडक आणि एक गोड.

कडक उत्तर देणारे म्हणतात, प्रपंच हा असाच ओढतो, त्याला भुलू नये. आणि दाखला देतात तेरच्या गोरोबाकाकांचा. आपल्या जिल्ह्यात ही कथा घरोघर गेली ती ताहाराबादच्या महिपतीबुवांमुळे. राहुरी तालुक्यातल्या या गावच्या कुलकर्ण्याने 1762 मध्ये 'भक्तविजय' रचला, आणि तेव्हापासून बायाबापड्यांना संत ओळखू लागले ते पुष्कळसे त्यांच्या वाणीतूनच. गोरोबा चिखल तुडवीत होते, नामात देहभान हरपले, रांगत आलेले तान्हे पायाखाली आले आणि त्यांना कळलेही नाही. कीर्तनात ही कथा रंगते, श्रोते डोळे पुसतात, आणि तल्लीनता असावी तर अशी, असे म्हणून बुवा पुढे जातात.

पण थोडे थांबून पाहा. गोरोबांची कारभारीण पाण्याला गेली होती आणि जाताना लेकराकडे लक्ष ठेवा म्हणून सांगून गेली होती. परत आल्यावर तिने जो आकांत केला, त्याला कथेत कोणी खोटे पाडलेले नाही. आणि कथेचा शेवट काय? पंढरीत कीर्तन चालू असता देवाने ते मूल परत दिले. लेकरू गमावणे हीच भक्तीची शोभा असती, तर ते परत देण्याची पांडुरंगाला काय गरज होती? मला तर असे वाटते की त्या आईचा आकांत देवाने रास्त मानला आणि भक्ताच्या हातून झालेली हानी स्वतः भरून दिली. ही कथा देवाच्या करुणेची आहे. पोराकडे दुर्लक्ष करण्याचा परवाना तिच्यातून कोणी काढू नये. आपल्या घरी चुलीशी, विहिरीशी, शेततळ्याशी पोर गेले तर ते परत आणून देण्याचे वचन विठोबाने कोणाला दिलेले नाही.

खुद्द महिपतीबुवांचीच एक आख्यायिका आहे. ते पूजेला बसले असता जहागीरदाराचा शिपाई बोलावणे घेऊन आला. पूजा आटोपून येतो म्हणाले, तर शिपाई अद्वातद्वा बोलला. बुवांनी पूजा पुरी केली, जाऊन काम उरकले, आणि ही लेखणी पुन्हा सरकारी कामाला लावणार नाही, संतांचीच चरित्रे लिहीन, अशी शपथ वाहिली. आता कोणी म्हणेल, पाहा, पूजेतून उठू नये. अहो, बोलावणे कोणाचे होते? जहागीरदाराचे. त्याचे काम घटकाभर थांबले तर जहागीरदार काही उपाशी मरत नव्हता. तान्ह्याला थांबणे कळत नाही. पोट, ताप, ओले दुपटे एवढीच त्याची भाषा, आणि ती समजणारे माणूस जवळ नसेल तर जगात त्याचे दुसरे कोणी नाही. दोन्ही बोलावणी एका मापाने मोजता येत नाहीत.

एकनाथ महाराजांनी हे माप करून दाखवले आहे. भर दुपारी गोदावरीच्या तापल्या वाळूत एक लेकरू होरपळत रडत होते. नाथ नित्यकर्माला निघालेले, त्यात लेकरू त्या काळी ज्यांना शिवत नसत त्यांचे. नाथांनी ते उचलले, त्याचे नाक पुसले, लाळ पुसली आणि त्याच्या घरी नेऊन पोचवले. शेंबूड पुसण्याची ही गोष्ट संतचरित्रात लिहिली गेली हे मला फार मोलाचे वाटते. नाथांची पालखी दरवर्षी पैठणहून आपल्या खर्ड्यावरून पंढरीला जाते, तिच्या दर्शनाला आपण रांगा लावतो. त्या रांगेत कडेवर पोर घेऊन ताटकळणाऱ्या बाईला पुढे वाट करून देणारे किती, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता गोड उत्तर. "बाई गं, बाळ हाच तुझा बाळकृष्ण, त्याचे न्हाऊमाखू हीच तुझी पूजा." हे खोटे नाही. नेवाशाला पैस खांबाशी बसून 1290 साली माउलींनी जी गीता मराठीत सांगितली, तिच्या अठराव्या अध्यायात ज्याच्या त्याच्या वाट्याच्या कर्मालाच ईश्वराची पूजा म्हटले आहे. आपण देवाला विठाई म्हणतो, ज्ञानोबांना माउली म्हणतो. आईपणापेक्षा मोठी उपमा आपल्या संप्रदायाला सापडली नाही. तरी मला या गोड उत्तराची कडक उत्तरापेक्षा जास्त धास्ती वाटते. कारण पुष्कळदा ते बोलून माणसे हात झटकतात आणि सगळे काम त्या बाईच्या पदरात तसेच राहते. पूजा तिची, जागरणही तिचेच, आणि आपण टाळ घेऊन मोकळे.

बरे, ते काम किती? नवजात बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागते. म्हणजे आईला सलग तीन तास झोप मिळाली तर तो सण. त्यात घरातल्या म्हाताऱ्यांचे सल्ले. पहिला चीक पिळून टाका, मध चाटवा, गुटी द्या. माया असते, पण मायेला माहितीची जोड लागते. चीक हेच बाळाचे पहिले कवच, तो जन्मल्यापासून तासाभरात पाजावा. सहा महिने आईच्या दुधावाचून काही नको, वरचे पाणीसुद्धा नको. मध वर्षाच्या आत देऊ नये. हे आज डॉक्टर सांगतात.

1970 साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जामखेडला आले तेव्हा त्या भागात जन्मणाऱ्या हजार लेकरांतली 176 वर्षाच्या आत दगावत. हगवणीने पोर सुकून जाई, आणि पाणी पाजले तर हगवण वाढेल म्हणून पाणीच बंद करीत! त्यांनी काय केले? गावोगावच्या बायका, त्यांत पुष्कळशा निरक्षर आणि दलित, निवडून आरोग्याचे शिक्षण दिले. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढ्या साध्या ज्ञानाने मरणाच्या दारातली पोरे मागे फिरली. पंचवीस वर्षांत तो 176 चा आकडा तिशीच्या आत आला. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्याच हातून गावची लेकरे वाचली. समतेवर पुष्कळ प्रवचने झाली असतील, पण हे प्रवचन गावाला पाण्यातून पाजले गेले. आज आशाताईंकडे क्षारांची पुडी मिळते. लहान बाळाला जुलाब लागले तर अंगावरचे पाजणे चालू ठेवून लगेच दवाखाना गाठावा.

आणि ज्यांना देऊळ, हरिपाठ, बाळंतपणाची विश्रांती काहीच नाही त्यांचे काय? पाथर्डी, शेवगाव, जामखेडची माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता मोजतात. बाई पहाटे काळोखात कोपीतून उठते, फडात मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. तान्हे बांधावर, झोळीत. राखणीला कोण, तर सहासात वर्षांची बहीण, जिने शाळेत असायला हवे. मघाशी बांधावरच्या झोळीकडे धावताना त्या बाईचा कोयता थांबला, मुकादमाने बोल लावला, मजुरी बुडाली. तिला नेमधर्माची उपदेशवाणी ऐकवणाऱ्याने आधी एक दिवस ती झोळी हलवावी.

तेव्हा जामखेडच्या त्या माउलीला माझे सांगणे असे. पोर रडले की उठायचे, अभंग अर्धा राहिला तर राहू द्यायचा. पाजताना नाम घेतले तरी ते पोचते. अंगावर पिणारे लेकरू असेतो एकादशीला निर्जळी तर नाहीच, नुसत्या साबुदाण्यावरही राहू नये, पोटभर चौरस जेवावे. तुळशीची माळ काही तुटत नाही. आणि पोर गप्प बसावे म्हणून त्याच्या हातात मोबाइल देऊन आपण हरिपाठाला बसणे, ही नवी खोड मात्र बरी नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडदा दाखवू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितले आहे.

पण हे सांगणे तिच्या एकटीला सांगून भागत नाही. माळ तिच्या नवऱ्याच्या गळ्यातही आहे, सासऱ्याच्याही आहे. लेकराचे रडणे हा जर हाक मारणारा देव असेल, तर तो एकट्या बाईलाच हाक मारतो असे कोणत्या ग्रंथात लिहिले आहे? हरिपाठ चुकला तर पुरुषाला रुखरुख लागते. रात्री दोनदा उठून दुपटे बदलले नाही याची रुखरुख किती जणांना लागते?

आपल्या जिल्ह्यात, गोदाकाठच्या सराला बेटापासून खेड्यापाड्यापर्यंत, सप्ताह चालतात. सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. अहोरात्र कोणीतरी ती गळ्यात घेऊन उभा असतो, आणि पहाऱ्याची यादी आधीच लिहून देवळाच्या भिंतीला लावलेली असते. अमुक ते अमुक वाजेपर्यंत अमके. मध्यरात्रीचा पहारा घ्यायला तरुण पुढे येतात, त्याचा मान वाटतो. येत्या सप्ताहात मंडपाच्या कडेला लेकुरवाळ्या बायांसाठी एक आडोशाची जागा करावी, तिथे पिण्याचे पाणी आणि एक पाळणा ठेवावा, आणि वीणेच्या यादीखाली पाळण्याच्या पहाऱ्याचीही यादी लावावी. आया कीर्तन ऐकतील तेवढा वेळ पाळणा पुरुषांनी हलवावा. घरीही तसेच करता येईल. रात्री बारा ते चार हा पहारा सर्वांत अवघड, तिथे घरच्या कर्त्या पुरुषाने आधी आपले नाव लिहावे.